गावचं हुतात्मा स्मारक: कुलूप-कॅमेरा की मोकळं?
बाजूच्या गावचे सरपंचभाऊ विचारत होते, स्मारकाला उंच कंपाउंड, कॅमेरे अन् कुलूप लावायचं की आहे तसं मोकळं ठेवायचं.

खर्चाचं बघा. कंपाउंड एकदा बांधलं की झालं, पण कॅमेऱ्याचं तसं नाही, आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट कधी जाईल नेम नाही, मग इन्व्हर्टर घ्या, दुरुस्तीवाला तालुक्याहून बोलवा, अन् फुटेज पाहणारा माणूसच नसला तर काय फायदा. मोकळ्या जागेला चौकीदाराचा पगार लागते, पण तोच झाडझूडही करते.

सुरक्षेबद्दल कुलूपवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. सेवाग्राम आश्रमातून बापूंचा चष्मा चोरीला गेला, २०११ मध्ये ते बाहेर आलं. लाल किल्ल्यावर २००० मध्ये अतिरेकी हल्ला झाला, तिथं झडती पायजेच. पण आपल्या स्मारकात चोरण्यासारखं काय आहे? नावं कोरलेला दगड.

अन् लोकांचं येणं, मले हेच सगळ्यात मोठं वाटते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर-आष्टीत लढलेले लोक आपल्यासारख्याच गावातले होते, त्यांच्या नावापाशी पोरं अभ्यासाला बसली तर चांगलंच आहे ना, किल्ली मागायला ग्रामपंचायतीत जावं लागलं की लोक फक्त १५ ऑगस्टलाच येतात.

जुन्या वस्तू, कागदपत्रं असतील तर तेवढी खोली कुलूप-कॅमेऱ्यात ठेवा. नुसता स्तंभ अन् पटांगण असेल तर ढोरं शिरणार नाही एवढं कुंपण अन् एक चौकीदार पुरे. दीक्षाभूमीसारखी गर्दी होत असेल तर त्या दिवसांपुरता पोलीस बंदोबस्त मागा, बाकी वर्षभर फाटक उघडं.