४.१० सांगून ३.५५ चा ॲक्सल गळ्यात मारला

जुन्या पिकअपचा मागचा ॲक्सल बदलायचा विचार असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. ४.१० गुणोत्तराचा (म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणारा दांडा ४.१० वेळा फिरतो असा; आकडा मोठा, तितकी ओढायची ताकद जास्त) म्हणून मला विकलेला ॲक्सल ३.५५ चा निघाला. ज्या रीतीने तो विकला, ती इतकी सफाईदार आहे की उद्या ती तुमच्यावरही वापरली जाईल.

गाडीला आधी ७० सेंटिमीटर व्यासाचे टायर होते, नंतर ७६ चे बसवले. टायर मोठा झाला की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते आणि इंजिनावर ओढ वाढते. मूळचा ३.५५ चा ॲक्सल ३.२७ असल्यासारखा वागायला लागला; माल भरून चढ लागला की गाडी दम सोडायची. नुसती टायरची भरपाई करायची तर ३.८५ च्या आसपास पुरलं असतं, पण ही गाडी ओझं वाहायलाच आहे, म्हणून ४.१० हवा होता. क्राऊन म्हणजे ॲक्सलमधलं मोठं दातेरी चक्र, पिनियन म्हणजे त्याला फिरवणारं इंजिनाकडचं छोटं; क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागलं की हा आकडा येतो. ४१ भागिले १० म्हणजे ४.१०, ३९ भागिले ११ म्हणजे ३.५५.

जुने सुटे भाग विकणाऱ्या माणसाकडे ॲक्सल मिळाला. हौसिंगवर, म्हणजे ॲक्सलच्या बाहेरच्या कवचावर, पांढऱ्या रंगात ४१/१० लिहिलेलं, झाकणाच्या एका बोल्टखाली तेच आकडे ठोकलेली पत्र्याची पट्टी. पट्टी काय, कोणत्याही ॲक्सलची काढून कुठेही लावता येते. म्हणून मी फेरे मोजून दाखवायला सांगितलं आणि तो एका पायावर तयार झाला.

साध्या डिफरन्शियलची (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीची) तपासणी अशी असते: एका बाजूचं हब, म्हणजे चाक बसतं तो भाग, पक्कं धरायचं, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि तेवढ्यात पिनियनचा फ्लँज (इंजिनाकडचा दांडा जोडायची चकती) किती फेरे फिरतो ते मोजायचं. जो आकडा येईल तेच गुणोत्तर. त्याने फ्लँजवर खडूची रेघ मारली. त्याचा पोऱ्या पलीकडच्या टोकाला हबवरच्या ब्रेकच्या ड्रमला दोन्ही हातांनी मिठी मारून, माझ्याकडे पाठ करून बसला. मी हब फिरवलं. रेघ चार वेळा वर आली आणि थोडी पुढे गेली. ४.१०, चोख.

फसवणूक त्या पाठीआड झाली. डिफरन्शियलमध्ये क्राऊनची गती ही दोन्ही चाकांच्या गतीची सरासरी असते. पलीकडचं हब खरंच स्थिर असतं, तर फ्लँज साडेतीन फेऱ्यांच्या जरा पुढे थांबला असता. पण पोऱ्याने ड्रम त्याच दिशेने पाव फेऱ्याहून थोडा जास्त सरकवला, की ३.५५ चे ४.१० होतात. हिशेब करून पाहा, तंतोतंत जुळतो. म्हणून खडूची रेघ दोन्ही हबांवर मारा आणि पलीकडचं हब दोरीने किंवा पट्टीने चेसिसला बांधून टाका. माणसाच्या हातात देऊ नका.

दुसरा डाव बसवण्यात होता. लीफ स्प्रिंगच्या बैठका माझ्या गाडीच्या मापाच्या नव्हत्या. त्या कापून नव्याने वेल्ड कराव्या लागल्या, आणि ते काम त्याने घाईघाईने स्वतःच उरकून घेतलं. गाडी रस्त्यावर आली तेव्हा टॅकोमीटरचा काटा जुन्याच जागी. ताशी ८० ला, गिअरबॉक्स १:१ वर असताना, ७६ च्या टायरवर ३.५५ ला इंजिन साधारण १९८० फेरे करतं, ४.१० ला ते २२९० च्या आसपास जायला हवं होतं. इतका फरक डोळ्यांना दिसतोच. मी परत गेलो तेव्हा तो म्हणाला, "साहेब, बैठका तुमच्या मापाच्या झाल्या. आता हा दुसऱ्या कुठल्या गाडीला बसणार? परत कसा घेऊ?"

दुसऱ्या मेस्त्रीने झाकण खोललं. आतून काकवीसारखं घट्ट तेल निघालं. ते काढून ८०डब्ल्यू-९० भरल्यावर ॲक्सलेटर दाबला की घूंऽऽ असा आवाज यायला लागला, जो इतके दिवस त्या तेलात दडून राहिला होता. क्राऊनच्या कडेवर ३९/११ स्पष्ट ठोकलेलं. आणि सगळ्यात संतापाची गोष्ट म्हणजे क्राऊनवरचा जोडीचा नंबर एक, पिनियनवरचा दुसराच. क्राऊन-पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात. जोडी फोडली की दात नीट बसत नाहीत, आणि शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) कितीही बदलले तरी आवाज जात नाही.

तेव्हा झाकण तुमच्यासमोर खोलायला लावा, दात मोजा, दोन्ही नंबर जुळवा. ज्या हौसिंगला मागे झाकण नसतं आणि गोळा (क्राऊन-पिनियनसकट आतला अख्खा भाग) पुढून निघतो, त्यात हाफ शाफ्ट, म्हणजे चाकांकडे जाणारे दांडे, ओढून गोळा बाहेर काढायला सांगा. कटकटीचं काम आहे, पण नाही म्हणणाऱ्याकडून घेऊच नका. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा आणि मागचा आकडा जुळलाच पाहिजे. नाहीतर कोरड्या रस्त्यावर फोर व्हील लावल्यावर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी, पिळवटून निघते.

पैसे परत मिळाले नाहीत. बिलावर "जुना मागचा ॲक्सल, १ नग" एवढंच होतं; दातांचा आकडा कुठेच नव्हता, त्यामुळे तक्रारीला आधार उरला नाही. तुमच्या बिलावर क्राऊनचे आणि पिनियनचे दात, जोडीचा नंबर आणि "बसवल्यावर वेगळा निघाल्यास परत" हे त्याच्या सहीनिशी लिहून घ्या, आणि तेही वेल्डिंगची मशीन सुरू व्हायच्या आधी.