विहिरीवर सौर पंप घ्यावा की लाइनची वीज?

परवा कवठेमहांकाळहून पुतण्याचा फोन आला. "काका, दोन एकर द्राक्ष आहे, पुढच्या साली एकरभर ऊस लावायचाय. सौरचा फॉर्म भरू का लाइनची जोडणी मागू?" माझ्याकडं दोन्ही आहे. खालच्या विहिरीवर लाइनवरची 5 एचपीची मोटर आणि वरच्या रानातल्या बोअरला तेवढीच सौरची. फोनवर अर्धंच बोलणं झालं, म्हणून हे सविस्तर.

आधी पैशाचं उरकून टाकतो. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्के भरावे लागतात. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5 एचपी, त्यापुढं साडेसात. लाइनच्या बाजूला साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल 2024 पासून मार्च 2029 पर्यंत बिलमाफी जाहीर आहे. म्हणजे आज बिल दोन्हीकडं नाही. पैशावरून ठरवायला गेलात तर चुकाल. पाणी कधी लागतं आणि किती खोलावरून ओढायचंय, यावर ठरवा.

लाइनच्या तारेतून येणारी वीज सगळीकडची मिसळलेली असते. चंद्रपूरला कोळसा जाळून वाफ करतात आणि वाफेवर टर्बाइन फिरतं. कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होऊन बाहेर पडतो. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली पोफळीकडं सोडतात. त्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता 1960 मेगावॅट. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर वारा पाती फिरवतो, गळीत हंगामात साखर कारखाने बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळून वीज करतात. रीत सगळीकडं एकच, चुंबक आणि तांब्याची गुंडाळी एकमेकांत फिरवायची. एक जागा थांबली तर दुसरी भार उचलते.

सौर प्लेटेत काहीच फिरत नाही. सिलिकॉनवर ऊन पडलं की वीज सुटते, कंट्रोलर ती मोटरला चालेल अशी करून देतो. तिला दुसरा आधार नाही. ढग आला की त्याच मिनिटाला पाण्याची धार बारीक होते.

आता हिशोब. 200 फुटांवरून पाणी ओढायचं तर एका युनिटात अंदाजे 3 हजार लिटर वर येतं, 100 फुटांवरून त्याच्या दुप्पट. 5 एचपीच्या पंपाबरोबरच्या प्लेटा चांगल्या उन्हात दिवसाला 20 युनिटच्या आसपास देतात. म्हणजे 200 फुटांवरून 60 हजार लिटर. ठिबकवरच्या द्राक्षाला कडक उन्हाळ्यात एकरी 20 हजार लिटर धरलं, तरी दोन एकराला पुरून उरतं. पाटानं दिलेल्या उसाला मात्र एका पाळीला एकरी अडीच-तीन लाख लिटर जातं. सौरवर ती पाळी संपायला पाच दिवस. लाइन सलग आठ तास टिकली तर अडीच-तीन दिवसांत उरकते.

टिकली तर, हे मुद्दाम म्हणतो. आमच्या डीपीवर, म्हणजे रानातल्या ट्रान्सफॉर्मरवर, मोटारी जास्त झाल्यात. व्होल्टेज पडतं, मोटर गुरगुरते. गेल्या मेमध्ये वाइंडिंग जळालं आणि खरड छाटणी झालेली बाग चार दिवस कोरडी राहिली. फुटी माना टाकताना बघणं फार वाईट असतं. त्यात विजेची रात्रपाळी आली की टॉर्च घेऊन बांधानं जायचं, पाय टाकायच्या आधी साप बघायचा. दिवसा पाणी देता येतं, एवढ्या एका गोष्टीसाठी मी सौरला झुकतं माप देतो.

पण सौरची खोड आपल्याच भागात जास्त जाणवते. जुलै-ऑगस्टमध्ये कवठेमहांकाळ, जत, आटपाडीवर आभाळ भरून येतं आणि पाऊस न पाडताच पुढं सरकतं. ढालगावच्या माळावर पवनचक्क्या गरागरा फिरत असतात, खाली रान सुकलेलं आणि सौर पंप मात्र निम्म्यावर. त्यावर उपाय शेततळं. विजेची साठवण महाग, पाण्याची स्वस्त. कोयना तरी दुसरं काय करते? पावसाळ्यात पाणी अडवून ठेवते आणि मागणी वाढली की सोडते. उन्हाच्या दिवसात शेततळं भरून ठेवा, ढगाळ आठवडा निघून जातो.

द्राक्षवाल्यांसाठी अजून एक. ब्लोअरनं फवारणी केली की औषधाचा पांढरा थर प्लेटांवर सुकून बसतो. मी सकाळी ऊन चढायच्या आत साध्या पाण्यानं आणि फडक्यानं पुसतो. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये, तडकते. झाडाचा शेंडाही आडवा येऊ देऊ नका. प्लेटा एकामागं एक जोडलेल्या असतात. एकीवर सावली पडली की सगळ्या रांगेचा जोर कमी होतो. माझ्या बोअरजवळच्या लिंबाची एक फांदी उतरवली, तेव्हा कुठं दुपारी तीननंतरची धार सुधारली.

पुतण्याला सांगितलंय, द्राक्षासाठी सौर घे आणि सोबत लहानसं शेततळं काढ. उसाचा नाद सोडता आला तर बघ, नाहीच सुटला तर त्याच्यासाठी लाइनच लागेल. पण फॉर्म भरायच्या आधी मेच्या शेवटच्या आठवड्यात विहिरीत दगड बांधलेली दोरी सोड आणि पाणी किती फुटांवर लागतं ते मला कळव.