पडद्याची दांडी: चौकटीला लागून की छताजवळ?

साताऱ्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये खिडकीचा माथा साधारण ७ फुटांवर असतो, छत साडेनऊ-दहावर. दांडी चौकटीला लागून बसवली तर कापड कमी लागतं, पण खोली बुटकी दिसते. माझं मत स्पष्ट आहे: दांडी ९ फुटांच्या किंचित वर घ्या. रेडिमेड पडदे ५, ७ आणि ९ फुटी मिळतातच. ९ फुटी पडदा फरशीच्या जेमतेम वर थांबतो, लादी पुसताना भिजत नाही. दांडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना ६-८ इंच जास्त सोडा, म्हणजे पडदा सरकवल्यावर अजिंक्यतारा किल्ला अख्खा दिसतो! जुन्या वाड्यात खिडकी आणि तुळईमध्ये जागाच नसेल, तर चौकटीजवळच लावा. आणि पडदा उंच गेला म्हणून तसबिरी वर नेऊ नका. त्यांचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवरच शोभतो.