थरांच्या स्टिकर्ससाठी घेतलेला कटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

एकरंगी अक्षरंच कापायची असतील तर हा विनाइल (स्टिकर्सचं, मागून चिकट असलेलं पातळ प्लास्टिक) कापायचा कटर डोळे मिटून घ्या. थरांची स्टिकर्स करायची असतील तर मात्र आधी हे वाचा. रुंदी, दाब, आवाज हे सगळं तुम्हाला ठाऊक असेलच. मला बोलायचंय ते कापताना विनाइल सरकतं त्याबद्दल.

एका रंगाच्या रेडियम स्टिकरमध्ये मिलिमीटरभर फरक पडला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तीन रंग वेगवेगळे कापून एकावर एक बसवायचे म्हटले की तोच मिलिमीटर उघडा पडतो. माझ्या चित्रात पांढऱ्या तळावर निळा पक्षी होता आणि त्यावर काळी बाह्यरेषा. चोच जुळवली की शेपूट बाहेर, शेपूट जुळवली की चोच बाहेर. सर्व्हिस सेंटरमध्ये बोटभर चौकोन कापून दाखवला आणि 'मशीन ठीक आहे' म्हणून परत पाठवलं. अहो, बोटभर चौकोनात हा फरक दिसणार कसा? लांब तुकडा कापून मोजा, एवढंच मागत होते. ते शेवटपर्यंत केलं नाही. त्याचा राग अजून आहे.

शेवटी घरीच २०० मिमीचा चौकोन कापून बाजू आणि दोन्ही कर्ण मोजले. बाजू कमी-जास्त भरली तर सॉफ्टवेअरमधल्या कॅलिब्रेशनने (मापं जुळवून घेण्याने) भागतं. माझे कर्णच वेगळे भरले, म्हणजे विनाइल तिरकं ओढलं जात होतं. आता रोलमधून लागेल तेवढी लांबी आधीच सोडवून ठेवते, दोन्ही पिंच रोलर (विनाइल वरून दाबून धरणारी चाकं) खालच्या खरखरीत रोलरवर नेमके आणते, वेग कमी ठेवते आणि कापण्याआधी विनाइल एकदा पुढे-मागे फिरवून घेते. तेव्हापासून मशीनबद्दलचं माझं मत बरंच निवळलंय. एक गोष्ट मात्र जिवावर येते: सॉफ्टवेअर विनाइल वाचवायला आकार फिरवून बसवतं, ते बंद करावं लागतं. सगळे थर एकाच दिशेने कापले तर उरलासुरला फरकही सगळ्यांत सारखाच येतो आणि थर जुळतात. त्यात विनाइल जास्त जातं, पण फुकट गेलेल्या स्टिकरपेक्षा ते परवडतं.

जुळवणीसाठी प्रत्येक थरात चित्राबाहेर, एकमेकांपासून लांब, दोन त्रिकोण ठेवते. वरच्या थराखाली विनाइलच्याच पाठीचा उरलेला कागद गुळगुळीत बाजू चिकटाकडे करून सरकवायचा, फक्त त्रिकोण उघडे ठेवायचे. त्रिकोण बसले की कागद हळूहळू ओढत स्क्वीजी (विनाइल दाबून बसवायची सपाट पट्टी) फिरवायची. वेगळं काही विकत आणावं लागत नाही. साबणाच्या पाण्यानेही जमतं, पण प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचा धीर मला नाही. ट्रान्सफर टेप (कापलेलं विनाइल उचलून जागेवर लावायची चिकटपट्टी) फार चिकट असेल तर ती खालचा थरच उचलते. आधी एक-दोनदा कापडावर लावून काढावी.

सुरुवातीला मी कडेला कड भिडवून रंग बसवत होते. स्टिकर पातळ राहतं, हात फिरवला तर उंचवटा लागत नाही, मला ते फार आवडायचं. काही महिन्यांत गाडीच्या काचेवरच्या स्टिकरमध्ये रंगांच्या मधे बारीक फटी दिसायला लागल्या. कॅलेंडर्ड विनाइल गरम रोलरांमधून दाबून, ताणून बनतं. तो ताण आत राहतो आणि उन्हात ते थोडं आक्रसतं. कास्ट विनाइल पातळ द्रवाच्या रूपात ओतून सुकवलेलं असतं, त्यामुळे ते फार कमी आक्रसतं, पण महाग. प्रत्येक कामाला ते वापरणं मला पटत नाही. त्यापेक्षा खालचा रंग वरच्याखाली सुमारे १ मिमी आत जाऊ देते. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आऊटसेट (आकाराची कड बाहेर वाढवणं) केलं की झालं. खालचा रंग सगळीकडे पसरू दिला तर मात्र स्टिकर जाड होतं आणि हवेचे फुगे अडकतात. म्हणून मधला भाग कापून काढते आणि त्या तुकड्यांतून छोटी अक्षरं करते.

ग्लिटरचा थर कायम सगळ्यात वर ठेवा, त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर दुसरं विनाइल धरत नाही. ग्लिटरने धारही लवकर जाते, म्हणून त्याचं ब्लेड मी वेगळं ठेवलंय.