पंप बदलला, आठ हजार गेले, गाडी तशीच

सकाळी सेल्फ दहा-दहा सेकंद मारावा लागतो, एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही. जुन्या एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) पेट्रोल गाडीचं हे दुखणं सांगितलं की बऱ्याच गॅरेजात ठरलेलं उत्तर मिळतं: पंप गेला. 2003 सालच्या एका गाडीला असाच टाकीतला पंप बदलून आठ हजारांवर बिल लावलं. जुना पंप मालकाला दिलाच नाही. दुसऱ्या सकाळी तेच रडगाणं, तेव्हा 'इंजेक्टर क्लीनिंग'चे दीड हजार वर. पेट्रोलचं प्रेशर मोजणारं गेज मात्र एकदाही लावलं नव्हतं.

गाडी दाखवायला नेण्याआधी घरी एवढं करा. रात्रभर उभ्या गाडीची किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकू येईल. किल्ली बंद, पुन्हा ऑन, असं तीन-चार वेळा. मग सेल्फ मारल्यावर गाडी झटक्यात चालू झाली, तर पंप प्रेशर बनवतोय, ते रात्रभर टिकत नाहीये. उन्हात अर्धा तास उभी राहिल्यावरही हाच त्रास होऊ शकतो, कारण प्रेशर गेलं की गरम रेलमधलं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) पेट्रोल उकळून त्याची वाफ होते.

पुढची तपासणी मेकॅनिककडून, पण समोर उभं राहून करून घ्या. फिल्टर आणि रेलच्या मध्ये टी-जॉइंटने गेज लावायचं. अशा बहुतेक गाड्यांत प्रेशर 3 बारच्या आसपास असतं. इंजिन बंद केल्यावर काटा हळूहळू उतरला तर चालतं. मिनिटभरात शून्यावर आला तर गळती आहे, आणि पेट्रोलला पळायला तीनच वाटा असतात. इंजिन बंद करताक्षणी रिटर्नचा, म्हणजे जादा पेट्रोल टाकीत परत नेणारा, रबरी पाइप चिमट्याने दाबा. काटा थांबला तर रेग्युलेटर (रेलमधलं प्रेशर आटोक्यात ठेवणारा भाग) खराब. फीडचा (टाकीतून रेलकडे जाणारा) पाइप दाबल्यावर थांबला तर पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप) गेलाय, आणि तेव्हा पंप बदलणं रास्त आहे. दोन्हींनी थांबत नसेल तर इंजेक्टर ठिबकतोय किंवा रेग्युलेटरचा आतला पडदा फाटलाय. प्लग ओला निघतो, काळा धूर येतो. पंप चालू असताना रिटर्न दाबू नका, प्रेशर भलतंच चढतं. प्लास्टिकचा पाइप तर कधीच दाबू नका, तडकतो.

वरच्या गाडीत एवढंही लागलं नसतं. रेग्युलेटरवरची बारीक व्हॅक्यूमची नळी उपसली आणि आतून पेट्रोलचा थेंब बोटावर आला. डायफ्राम, म्हणजे तो आतला पडदा, फाटला होता. तिथून पेट्रोल थेट इनटेकमध्ये (इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत) ओढलं जात होतं, त्यामुळे अ‍ॅव्हरेजही पडलं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम, पण कुणी केलंच नाही. (नंतरच्या कित्येक गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो, तिथे ही नळी शोधू नका.)

प्रेशर मुळातच कमी असेल तरी लगेच पंपावर जाऊ नका. आधी फिल्टर बघा, मग पंपाच्या प्लगवरचा व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी भरला तर वायर किंवा अर्थिंग गंजलंय.

पंप बदलायचाच ठरला तर डबा तुमच्यासमोर फोडायला लावा. ओरिजिनलच्या डब्यात लोकल किंवा पुसून चकचकीत केलेला जुना पंप घालतात. पार्ट नंबरसह जीएसटी बिल आणि जुना पंप दोन्ही मागून घ्या. गेज लावायला का-कू करणाऱ्याला टाकी खोलू देऊ नका. पैसे गेलेच असतील तर बिल घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा.