हाय कार्बनच्या नावाखाली मऊ लोखंड गळ्यात मारलं, ७,९२० गेले

कॅम्पिंगच्या चाकूच्या सेटचे ६,८५०, "लाइफटाइम धार"चे ६५० आणि धार लावायला परत पाठवायच्या कुरियरचे ४२०. एकूण ७,९२०. जाहिरात, मेसेजवर गोड गोड बोलणं, आजच्यापुरती ऑफर, हे सगळं कसं चालतं ते तुम्हाला माहितीच आहे, ते परत लिहीत नाही.

जंगलात कॅम्पिंगला न्यायचा चाकू, हातकुऱ्हाड आणि घडीची करवत असा सेट. चाकूखाली स्पष्ट लिहिलेलं, १०९५ हाय कार्बन (पोलादाचा प्रकार), ५८ एचआरसी (कडकपणाचं माप), फुल टँग, म्हणजे पातं आणि मुठीच्या आतलं पोलाद शेवटपर्यंत एकसंध. व्हिडिओत विक्रेत्याने पात्याला चुंबक चिकटवला आणि म्हणे बघा अस्सल पोलाद. अहो चुंबक साध्या खिळ्यालाही चिकटतो! मग कागद सर्रकन कापून दाखवला, पण ताजी धार लावली तर मऊ लोखंडही कागद कापतं, ती धार टिकणार किती हे कागदावरून कळतच नाही.

आणि ती मूठ. सगळ्या फोटोंमध्ये दोरीने गच्च गुंडाळलेली. मी विचारलं होतं, दोरी काढून एक फोटो पाठवा. उत्तर आलं, "दोरी काढली की वॉरंटी जाते." तिथेच व्यवहार थांबवायला हवा होता, तो मेसेज आजही दिसला की डोकं फिरतं. पण वस्तू हातात नाही, समोरचा ठामपणे सांगतोय, खाली चांगल्या रिव्ह्यूंची रांग, अशा वेळी कोणीही विश्वासच ठेवेल. मी विचारलं तरी होतं, खोटं तो बोलला.

पहिल्यांदा काटक्या तासल्या तेव्हाच धार एका बाजूला वळली. तो म्हणाला पाठवा, धार फ्री आहे. पाठवला, आणि परत यायला इतका वेळ लावला की रिटर्नची मुदत संपून गेली, हाच तर त्यांचा डाव असतो! आला तेव्हा टोकाजवळ निळसर पट्टा. कोरड्या ग्राइंडरवर दाबून धरलं की पोलाद तापतं, निळं पडलं म्हणजे साधारण ३०० अंशापर्यंत गेलं, अशाने पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून थंड करून कडक केलेल्या चांगल्या पात्याचाही कडकपणा उतरतो. म्हणून धार दगडावरच लावा, पाणी किंवा तेल घालून, दोन्ही बाजूंना २० ते २५ अंशात, आणि शेवटी चामड्यावर फिरवा.

मग त्या चाकूने ओलं लाकूड फोडताना मूठच तुटली आणि पातं सोबतच्या मित्राच्या गुडघ्याजवळून गेलं. दोरी सोडून बघितली तर आत पेन्सिलएवढी सळई, पात्याला वेल्डिंग करून जोडलेली, वेल्डिंगचे गोळेही घासलेले नाहीत. पात्याला कानस लावून बघितली, कडक पात्यावरून ती घसरते, इथे सरळ चावली आणि भुगा पडला. फुल टँग असेल तर सहसा मुठीच्या कडेने पोलादाची पट्टी दिसते. ती दिसत नसेल तर पैसे देऊच नका.

आता तक्रारीचं ऐका. विक्रीच्या साइटवाले म्हणतात वस्तू वापरलेली आहे, रिटर्न होणार नाही. न वापरता कळणार कसं? बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. पोलीस ठाण्यात गेलो तर, वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली, आणि वर मलाच प्रश्न, चाकू कशाला हवा होता? तुटलेलं पातं टेबलावर ठेवलं, कोणी हातसुद्धा लावला नाही. ग्राहक तक्रारीला विक्रेत्याचा पत्ता हवा, पत्ता साइटकडे, साइट म्हणते गोपनीय आहे, पोलिसांनी मागितला तर देऊ, आणि पोलीस तक्रारच लिहून घेत नाहीत. माणसाने जायचं कुठे? एका माणसाच्या पायात पातं घुसलं असतं, तेव्हा नोंद घेतली असती का?

डिलिव्हरी उघडताना व्हिडिओ काढा, मुदतीच्या आत कानस लावून बघा, पात्यावर मुठीजवळ चालेल, धारेला नको. रिटर्नची मुदत चालू असताना विक्रेत्याकडे धार लावायला अजिबात पाठवू नका. दमास्कसची (थरांच्या पोलादाची लाटांसारखी) नक्षी असलेलं स्वस्त पातं तर घेऊच नका, साध्या लोखंडावर छापलेली नक्षी पॉलिश पेपरने घासली की निघून जाते, खऱ्या पात्यावर पुन्हा ॲसिड लावलं की ती परत उठते. चांगला कार्बन चाकू मिळाला तर कोरडा पुसून तेलाचा हात फिरवा, चामड्याच्या म्यानात महिनोन्महिने ठेवू नका, ओल धरून गंजतो.

त्या माणसाने नवीन नावाने दुकान उघडलंय, व्हिडिओ तोच. लिंक साइटला पाठवली, उत्तर आलं, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे."