चीज कंपनीच्या पैशांवरची नाटके: ‘द गोल्डन एज ऑफ टेलिव्हिजन’

अभिजात चित्रपटांच्या डिस्क काढणाऱ्या क्रायटेरियन कलेक्शन या अमेरिकी कंपनीने २००९ मध्ये काढलेल्या या तीन डीव्हीडींच्या संचात १९५३ ते १९५८ दरम्यान अमेरिकी टीव्हीवर सादर झालेली आठ नाटके आहेत. दर आठवड्याला नवी कथा, नवे नट आणि बहुधा मालिकेच्या नावातच प्रायोजकाचे नाव, अशी तेव्हाची रीत होती. क्राफ्ट चीज विकत असे, फिल्को रेडिओ आणि टीव्ही, यू. एस. स्टील पोलाद.

संचातले सर्वांत धारदार नाटक ‘पॅटर्न्स’ हे क्राफ्टच्या पैशांवर उभे राहिले, याची मला गंमत वाटते. एका वयस्क अधिकाऱ्याने आपण होऊन राजीनामा द्यावा म्हणून कंपनीचा प्रमुख त्याचा भर बैठकीत पाणउतारा करत राहतो, अशी रॉड सर्लिंग यांनी लिहिलेली ही गोष्ट १२ जानेवारी १९५५ रोजी सादर झाली आणि इतकी गाजली की महिनाभरातच नटांना ती पुन्हा थेट प्रक्षेपणात करून दाखवावी लागली. त्या अधिकाऱ्याच्या भूमिकेतले एड बेगली यांचे काम आजही अंगावर येते.

मात्र प्रायोजकांच्या औदार्याची दुसरी बाजू येथे दिसत नाही. एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या हत्येवरून सुचलेले सर्लिंग यांचेच ‘नून ऑन डूम्सडे’ १९५६ मध्ये यू. एस. स्टीलच्या मालिकेत आले, ते दक्षिणेकडील गोऱ्या ग्राहकांच्या बहिष्काराच्या भीतीने मूळ विषय ओळखू येऊ नये इतके बदलून. याच मालिकेतली तीन नाटके संचात आहेत; हे नाही. त्याऐवजी घेतलेले ‘अ विंड फ्रॉम द साउथ’ अभिनेत्री ज्यूली हॅरिस असूनही फिके वाटते.

टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून केलेली ही मुद्रणे असल्यामुळे चित्र धूसर आहे, पण ‘मार्टी’मधला रॉड स्टायगर यांचा जवळून दिसणारा चेहरा त्या धूसरपणातूनही पोहोचतो. ‘बँग द ड्रम स्लोली’मध्ये पॉल न्यूमन सूत्रधारासारखे प्रसंगातून बाहेर येऊन थेट प्रेक्षकांशी बोलतात, तेही आवर्जून पाहावे. १९८१ च्या पुनःप्रसारणासाठी घेतलेल्या नट-दिग्दर्शकांच्या मुलाखती मात्र नाटकानंतरच पाहाव्यात, कारण त्या आधी पाहिल्यास कथा फुटते. भारतात संच मागवण्यापूर्वी आपला प्लेअर अमेरिकी विभागाच्या प्लेअरसाठी (रीजन १) काढलेल्या डिस्क चालवतो का, याची खात्री करून घ्यावी.